पहिल्यापासून एकच मालक

ताराबाईने दहा वाजता येते असं फोनवर सांगितलं होतं आणि ती सात वाजताच आली. कृष्णनाथबाब पर्येकरांचा त्या रविवारचा संताप इथून सुरू झाला. ते कारापूरच्या आपल्या घराच्या अंगणात बनियन आणि टॉवेलवर उभे राहून दात घासत होते. तोंडात फेस असल्यामुळे जे बोलायचं होतं ते त्यांना बोलता आलं नाही. तेवढ्यात ती बाई, ना ओळख सांगितली, ना पाणी मागितलं, सरळ मांगराच्या छपराच्या सावलीत उभ्या असलेल्या गाडीपाशी गेली आणि तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिने बॉनेटवर तळहात ठेवला.

"थंड असा," ती समाधानाने म्हणाली. "पेडण्याच्या मेस्त्रीन सांगल्यान, गाडी बघूची तर थंडच बघूची. म्हणून मी बेगीन इलंय. नायतर दहाक तुम्ही ती चालू करून ठेवलेली असती."

कृष्णनाथबाबांनी चूळ भरली. त्यांनी नेमकं तेच ठरवलं होतं. साडेनऊला गाडी चालू करायची, दहा मिनिटं गुरगुरू द्यायची आणि बंद करून ठेवायची. त्यात फसवाफसवीचा हेतू अजिबात नव्हता. घरातल्या म्हाताऱ्याला पाहुण्यांपुढे आणण्याआधी चहा पाजतात, इतकाच त्यांचा विचार. पण हा विचार कोरगावच्या एका अनोळखी बाईने आधीच ओळखावा आणि त्यासाठी आदल्या दिवशी डिचोलीला मावसबहिणीकडे वस्तीला येऊन राहावं, हे त्यांना फार लागलं.

कृष्णनाथबाब पाळीच्या खाणीवर एकतीस वर्षं वजनकाट्यावर कारकून होते. खनिजाचे हजारो ट्रक त्यांच्यासमोर उभे राहिले, तोलले गेले आणि त्यांनी लिहिलेला आकडा घेऊन मुकाट निघून गेले. त्यांचा आकडा पुन्हा तपासावा असं कुणाला कधी वाटलं नाही. अशा माणसाच्या दारात कुणी वही घेऊन यावं, हेच त्यांना पटत नव्हतं. आणि ते चिडले की त्यांची बोली सुटून भाषा एकदम सरकारी पत्रासारखी व्हायची. "आपण ठरलेल्या वेळेच्या तीन तास अगोदर उपस्थित झालेल्या आहात," असं ते म्हणाले तेव्हा स्वयंपाकघरातून त्यांची बायको पद्मावती हातातलं काम टाकून बाहेर आली. दिवस कसा जाणार ते तिला त्या एका वाक्यात कळलं होतं.

गाडी बारा वर्षांची, छोटी, चंदेरी रंगाची. दर रविवारी तिला पाइपाने आंघोळ असे. मुलीने फोंड्याहून फर्मान काढलं होतं की बाबा, सत्तरीला आलात, आता गाडी विका, म्हणून विक्री. मागच्या काचेवर कृष्णनाथबाबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात कागद चिकटवला होता : 'विकणे आहे. निर्दोष.' हा शेवटचा शब्द त्यांनी विचार करून लिहिला होता आणि तो त्यांना मनापासून खरा वाटत होता. बारा वर्षांत गाडीचं जे जे बिघडलं, त्याच्यावर त्यांनी काही ना काही तोड काढली होती, आणि तोड निघाली की बिघाड त्यांच्या लेखी उरतच नसे.

ताराबाईचं प्रकरण वेगळं होतं. पन्नाशीची, उन्हाने रापलेली ही बाई कोरगावात नऊ बायकांचा एक गट चालवत होती. पहाटे उठून त्या चार शाळांच्या मुलांसाठी मधल्या सुट्टीची भाजी शिजवत, पोदेराकडून पाव घेत आणि भाड्याच्या व्हॅनने पोचवत. गेल्या जुलैत ती व्हॅन एका चढावर बसली ती उठलीच नाही. वरच्या शाळेतली मुलं दोन वाजेपर्यंत ताटल्या घेऊन ओट्यावर बसून राहिली. ताराबाई डबा डोक्यावर घेऊन चालत पोचली तेव्हा पहिलीतली एक मुलगी तिथेच झोपून गेली होती. त्यानंतर कागद आला की असं पुन्हा झालं तर काम दुसऱ्या गटाकडे जाईल. म्हणून तिने एकोणपन्नासाव्या वर्षी गाडी शिकून घेतली होती. शाळा आता तीन आठवड्यांवर आल्या होत्या. चार गाड्या बघून झाल्या, चारही तिने नाकारल्या. पेडण्याच्या मेस्त्रीने सांगितलेलं सगळं तिने शाळेच्या वहीत लिहून आणलं होतं, नंबर घालून.

तिने चावी मागितली. कृष्णनाथबाब म्हणाले की मीच चालू करून दाखवतो, गाडीला अनोळखी हात चालत नाही. ताराबाई म्हणाली की जूनपासून तिला अनोळखीच हात मिळणार आहे, तर आजपासून सवय होऊ दे. ती आत बसली, चावी फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली.

"चावी अर्धीच फिरवा," कृष्णनाथबाब खिडकीशी वाकून म्हणाले. "आता पाच मोजा. बंद करा. परत अर्धी. आता तीन मोजा. आणि मग पूर्ण. पाय कुठेच ठेवायचा नाही."

गाडी चालू झाली. त्यांनी विजयी मुद्रेने पाहिलं. ताराबाई वहीत काहीतरी लिहीत होती. "अकरावा," ती म्हणाली. "पेट्रोलाचो पंप दमलो."

दमलो हा शब्द ऐकून कृष्णनाथबाबांची कानशिलं तापली. त्यांनी तिला समजावलं की यात दमण्याचा प्रश्नच नाही. झोपेतून उठलेल्या कुणालाही आठ आकडे मोजण्याइतका वेळ द्यावा ही साधी माणुसकी आहे, आणि ही पद्धत त्यांना सहा वर्षांपूर्वी सापडल्यापासून गाडी एकदाही अडली नाही. ताराबाईने हेही ऐकून घेतलं. मग तिने इंजिनातली तेलाची पट्टी बाहेर ओढली, तेल बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. दुकानदाराचं खोबरेल तपासावं तशी तिची ती रीत होती. "तेल बरा असा," ती म्हणाली. या प्रशस्तीने कृष्णनाथबाबांना आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या आवाजात जे आश्चर्य होतं त्याने ते आणखी दुखावले.

पुढे तिने रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पिशवीतून काढलं आणि पत्र्यावरून सरकवत नेलं. मागच्या डाव्या दाराशी ते टपकन खाली पडलं. तिथे पत्रा नव्हता, लांबीचा लगदा भरून वर रंग मारलेला होता. कृष्णनाथबाबांनी खुलासा केला की गाडी मागे घेताना अंगणातलं तुळशीवृंदावन मध्ये आलं होतं.

"तुळस खंय चलत आयली?" पद्मावतीने दारातून विचारलं. "सासूबाईंनी बांधली तेव्हापासून थंयच आसा."

मग ताराबाईने डिकी उघडली, खालचा गालिचा वर केला आणि जादा चाक ठेवायच्या खड्ड्यात डोकावली. ती डोकं वर काढेना, तेव्हा कृष्णनाथबाबही डोकावले. दर रविवारच्या आंघोळीचं पाणी दाराच्या फाटक्या रबरातून आत उतरून त्या खड्ड्यात साचलं होतं. खाणीच्या वाटेवरची बारा वर्षांची तांबडी धूळ तिथे बसून तिची छान माती झाली होती. आणि त्या मातीतून, अंधारात वाढल्यामुळे पिवळट पडलेले, चवळीसारख्या अळसांद्याचे सात-आठ वेल चाकाला वेढा घालून वर आले होते.

पद्मावती धावत आली. गेल्या महिन्यात साखळीच्या बाजारातून तिने बियाण्याची पुडी आणली होती, ती घरी पोचलीच नव्हती. त्यावरून तिने दुकानदाराला दोन आठवडे बोल लावले होते. "बरें रुजलां," ती कौतुकाने म्हणाली. ताराबाईनेही वाकून बियाणं कुठलं ते विचारलं. दोघी बायका आपल्या गाडीच्या पोटात हात घालून भाजीपाल्याच्या गोष्टी करताहेत हे दृश्य कृष्णनाथबाबांना असह्य झालं. वाहन निर्दोष असल्याबाबत अद्याप कोणाला शंका असल्यास प्रत्यक्ष चालवून खात्री करून घ्यावी, असं त्यांनी जाहीर केलं.

ताराबाईला तेच हवं होतं. पण रिकामी गाडी चालवून काय कळणार, ती म्हणाली, तिचे डबे आणि पाव मिळून मोठं ओझं होतं. ओसरीवर घाण्याला न्यायची म्हणून सोललेल्या नारळांची तीन पोती उभी होती. ती भरूया, असं तिने सुचवलं. दोन पोती डिकीत गेली, एक मागच्या सीटवर. कृष्णनाथबाबांनी नुसत्या नजरेने तोलून सांगितलं की एकशे आठ किलो. हा आकडा तिने तपासला नाही, याने त्यांना क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात पद्मावती पदर खोचून मागच्या सीटवर पोत्याशेजारी येऊन बसली.

"तू कशाला?" त्यांनी विचारलं.

"चढ येतलो न्हय?" ती म्हणाली. यावर कृष्णनाथबाबांनी मान हलवली. हे बरोबर होतं.

कारापूर सोडेपर्यंत ताराबाईच्या वहीत आणखी तीन नंबर भरले. डावीकडे वळलं की भोंगा आपोआप वाजत होता. कृष्णनाथबाबांच्या मते तो वळणावर वाजवायलाच हवा, मग तो कोणी वाजवला याला महत्त्व नाही. बाजूची काच वर करताना दोन्ही तळव्यांनी दाबून धरावी लागत होती. दुसरा गिअर वगळून पहिल्यावरून तिसऱ्यावर जायचं होतं. ताराबाई मात्र दुसरा घालूनच बघत राहिली आणि तो पडलाही, थोडासा कण्हत. तिचं चालवणं सावकाश आणि नीट होतं. हे मनातल्या मनात कबूल करावं लागलं म्हणून कृष्णनाथबाबांना तिचा अधिकच राग आला.

साखळीच्या पुढे पाळीच्या वाटेवर चढ लागला. पायथ्याशी विठूचं गॅरेज होतं. गाडी समोरून जाताना दिसली आणि विठू कुणी हाक न मारता पाना घेऊन उठून उभा राहिला. गाडी न थांबता गेली तेव्हा तो बुचकळ्यात पडून तसाच उभा राहिला. ताराबाईने आरशातून हे पाहिलं.

अर्ध्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. कृष्णनाथबाबांनी सवयीने हात पुढे करून हीटर सोडला. मे महिन्यातल्या साडेनऊच्या उन्हात गाडीभर भट्टीची वाफ पसरली. पद्मावतीने मुकाट पदराने तोंड पुसलं. इंजिनातली उष्णता अशा रीतीने माणसांनी वाटून घेतली की इंजिन थंड राहतं, हे त्यांनी ताराबाईला सांगितलं. हिवाळा नसलेल्या गोव्यात हीटर कशासाठी दिला असेल हे लोकांच्या लक्षात येत नाही, असंही ते म्हणाले. ताराबाईच्या कपाळावरून घामाचे ओघळ मांडीवरच्या वहीवर पडत होते. तरी काटा खाली येईना, तेव्हा तिने गाडी कडेला घेतली, थांबवली आणि हँडब्रेक ओढला. तो वरपर्यंत हलकाच आला. ब्रेकवरचा पाय तिने जरा सैल करून पाहिला, तर गाडी मागे सरकू लागली.

कृष्णनाथबाबांनी मान किंचित मागे वळवली. एवढंच. तेवढ्यात मागचं दार उघडलं, पासष्ट वर्षांची पद्मावती खाली उतरली, पायांशी ठेवलेला काळा त्रिकोणी दगड दोन्ही हातांनी उचलून ती वाकली आणि चाकामागे तो अचूक बसवून उभी राहिली. गाडी थांबली. दगड हाताळून हाताळून गुळगुळीत झाला होता. हात झटकत तिने कमरेवर ठेवले आणि रस्त्याकडे बघत ती उभी राहिली, पुढचं काम सांगितलं जाईपर्यंत थांबायची सवय असलेल्या माणसासारखी.

ताराबाई खाली उतरली. तिने दगडाकडे पाहिलं, मग पद्मावतीकडे.

"काकी, किती वर्सां?"

"नऊ जालीं आसतलीं," पद्मावती म्हणाली. "चढार गाडी राहिली की करचेंच पडटा. सगळ्यांच्या गाडयांनी असंच न्हय गो?"

"नाय," ताराबाई म्हणाली. "दुसऱ्यांच्या गाडयेतल्यो बायको बसान रवतत."

पद्मावतीने वाटेवरून चढणाऱ्या गाड्यांकडे बघायला सुरुवात केली. एक गेली, दुसरी गेली. तिसरी पुढच्या वळणाआधी वाहनांच्या रांगेत थांबली. तिच्यात मागे एक बाई बसली होती, डुलकी घेत. ती उतरली नाही. गाडीही मागे आली नाही. पद्मावतीने हे नीट पाहून घेतलं. कृष्णनाथबाब आतूनच म्हणाले की या प्रात्यक्षिकातून यंत्रणा किती भरवशाची आहे हे स्पष्ट झालेलं आहे.

काटा खाली आल्यावर गाडी हळूहळू मागे घेत विठूच्या गॅरेजपाशी आणली. ताराबाईने विठूला सांगितलं की काय काय दुरुस्त होतं ते बघ, गाडी मी घेतली नाही तरी याचे पैसे मीच देईन. मला फक्त ही चढते का ते कळायला हवं. कृष्णनाथबाबांना यातही अपमानच दिसला. आपल्या गाडीचा इलाज परक्या बाईने आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यायचा. पण विठूचं तोपर्यंत बॉनेटखाली डोकं गेलं होतं. पंख्याची एक वायर सुटून लोंबत होती. ती त्याने पाच मिनिटांत जोडली. मग तो आत गेला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली एक धुळकट पिशवी घेऊन आला. तिच्यावर खडूने 'पर्येकर' असं लिहिलेलं होतं.

"हँडब्रेकाची केबल," विठू म्हणाला. तो दोडामार्गाकडचा, बोलायला मोकळा. "चार वर्सां झाली आणून. मी पर्येकरभाऊंका दरखेपेक सांगलंय, अर्ध्या तासाचा काम असा, घालूया. भाऊ म्हणाले, नको, आमच्याकडे व्यवस्था असा."

गॅरेजसमोरच्या बाकावर पद्मावती बसली होती. ताराबाईने तिला पाण्याची बाटली दिली होती, ती तिच्या हातात तशीच राहिली.

"व्यवस्था," ती म्हणाली.

एवढा एकच शब्द. कृष्णनाथबाबांनी घसा खाकरून सांगायला सुरुवात केली की त्या वेळी परिस्थिती निराळी होती, केबलची तातडी नव्हती आणि एखादी रचना व्यवस्थित चालू असताना तिच्यात ढवळाढवळ करणं त्यांच्या स्वभावात बसत नाही. मध्येच त्यांचं वाक्य संपलं. ते नेमकं कुठे संपायला हवं होतं ते त्यांनाही आठवेना.

पाऊण तासाने गाडी पुन्हा चढाला लागली, त्याच तीन पोत्यांसह. हीटर बंद, काटा मध्यावर स्थिर. भर चढावर ताराबाईने मुद्दाम थांबून हँडब्रेक ओढला. पद्मावतीचा हात दाराच्या कडीवर गेलेला होता. गाडी जागची हलली नाही. तिने हात सावकाश मागे घेऊन मांडीवर ठेवला. ताराबाईने पुन्हा पहिला गिअर टाकला, आणि गाडी एकशे आठ किलो नारळ, तीन माणसं आणि डिकीतले अळसांदे घेऊन वरपर्यंत न कुरकुरता गेली.

वर सपाटीवर आल्यावर कृष्णनाथबाबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतक्या गुणी गाडीला आपण लोकांच्या तोंडी दिलं, तिच्या पोटाला चुंबकं लावू दिली, याचा त्यांना स्वतःचाच संताप आला. त्यांनी निर्णय करून टाकला.

"ही गाडी विकायची नाही," ते म्हणाले. "आपण घेतलेल्या तसदीबद्दल आभार. झालेला खर्च मी देईन. पण असं वाहन आजकाल मिळत नाही. कोण विकेल?"

ताराबाईने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. तीन आठवडे, चार शाळा आणि पाचवी गाडी. तिच्या चेहऱ्यावरचा घाम अजून वाळला नव्हता. थोड्या वेळाने ती म्हणाली की ठीक असा, तुमची मर्जी. वहीत शेवटचे नंबर कागदपत्रांचे होते, तेवढे बघून ती वही बंद करणार होती, अर्धी वही तिला आवडत नव्हती.

कृष्णनाथबाबांना कागदपत्रांची भीती नव्हती. उलट तिथेच तिचं तोंड बंद होईल हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्याला ठरलेल्या जागी बुक्की मारली, तो उघडला, आणि प्लास्टिकच्या पिशवीतले कागद त्यांनी तिच्या मांडीवर एकामागून एक ठेवले. विमा चालू. प्रदूषणाचा दाखला चालू. एकही दंड नाही.

"आणि पहिल्यापासून एकच मालक," ते म्हणाले. "बारा वर्षांत गाडी दुसऱ्याच्या नावावर गेलेली नाही. बघून घ्या."

ताराबाईने बघितलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं.

"होय," ती म्हणाली. "एकच मालक. पद्मावती कृष्णनाथ पर्येकर."

गाडी घेतली त्या साली देवळातल्या भटजींनी पत्रिका पाहून कृष्णनाथबाबांना वाहनयोग नाही असं सांगितलं होतं. म्हणून नाव बायकोचं लावलं होतं. त्यांच्या दृष्टीने हा निव्वळ कागदोपत्री प्रकार होता आणि बारा वर्षांत तो त्यांना एकदाही आठवला नव्हता. आत्ताही तेच सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण ताराबाई सीटवर मागे वळून बसली होती.

"काकी," तिने विचारलं, "गाडी विकूची असा?"

पद्मावती नारळाच्या पोत्यावर कोपर टेकून खिडकीबाहेर बघत होती. तिने एकच प्रश्न विचारला, चार शाळांत मिळून पोरं किती. ताराबाईने सांगितलं, दोनशे सोळा. कोरगावच्या वाटेला चढ आहेत का, हे तिने विचारलं नाही, कारण ते तिला ठाऊक होतं. तिची धाकटी बहीण सुशीला कोरगावातच दिली होती आणि त्या वाटेवर किती वेळा उतरावं लागतं हे मोजून मोजून तिने तिकडे जाणंच सोडलं होतं.

"विकूची आसा," ती म्हणाली.

"मला विचारलंस?" कृष्णनाथबाबांचा आवाज चिरकला. भाषा सरकारी व्हायलाही विसरली.

"माझ्या नांवार केली तेव्हा म्हाका विचारल्लें?"

किंमत पायथ्याशी विठूच्या बाकावर बसून ठरली. पद्मावतीने सांगितली, ताराबाईने थोडी कमी केली, पद्मावतीने मान डोलावली. दोन मिनिटांचं काम. विक्रीचे फॉर्म ताराबाईच्या पिशवीत तयारच होते. पद्मावतीने सावकाश, शाळेत शिकवल्याप्रमाणे अक्षर अक्षर सुटं काढून सही केली. विठू साक्षीदार झाला. कृष्णनाथबाब गॅरेजच्या दाराशी पाठ करून उभे होते आणि समोरच्या आंब्याकडे असं बघत होते जणू या सगळ्याला तोच जबाबदार आहे.

मग पद्मावती पुढच्या सीटवर जाऊन बसली. कोरगावला सुशीलाकडे जाऊन येते, असं तिने सांगितलं. कधी येशील, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, बघते. दूध फ्रिजात आहे आणि माशांच्या हुमणाची कढई वरच्या फळीवर आहे. विठूने तिन्ही पोती उतरवून रस्त्याकडेला ठेवली. गाडी डावीकडे वळली, भोंगा वाजला आणि ती गेली.

कृष्णनाथबाब तिच्याकडे बघत राहिले. बारा वर्षांत आपली गाडी दूर जाताना त्यांनी मागून प्रथमच पाहिली. "धूर बघितलास?" ते विठूला म्हणाले. राग अजून तसाच होता. "कणभर नाही. आणि ती बाई म्हणे पंप दमलाय."

विठू हो म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.

कारापूरची बस पाऊण तासाने आली. जवळजवळ भरलेली होती. कंडक्टरने दाराशी उभ्या उभ्या पोत्यांकडे एक नजर टाकली आणि विचारलं की हे नारळ कुणाचे. कृष्णनाथबाब तोपर्यंत वर चढून पहिल्या रिकाम्या जागेवर बसले होते. त्यांनी सांगितलं, माझे, एकशे आठ किलो.

"किलो असूं दे, बाब," कंडक्टर म्हणाला. "एक जण सकयल देंवून पोतीं वयर दिवंक जाय. हांव एकलो खंय पावतलों?"

खाली उतरून पोती वर द्यायला कुणीतरी हवं होतं. कृष्णनाथबाबांनी सवयीने मान किंचित मागे वळवली. मागच्या सीटवर एक अनोळखी माणूस वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पान उलटलं.

अख्खी बस वाट बघत होती. कृष्णनाथबाब उठले आणि खाली उतरले.